पाळकाच्या हातातला फोन

2011 च्या जनगणनेत लातूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेचोवीस लाखांच्या घरात होती आणि तिच्यात ख्रिस्ती माणसं शेकडा एकसुद्धा नव्हती. उदगीर-बिदर पट्ट्यात निजामाच्या राज्यापासून चालत आलेल्या मेथडिस्ट मंडळ्या, 1977 साली मराठवाड्यासाठी स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतातली कॅथलिक धर्मग्रामं आणि अलीकडे घराघरांत, पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या स्वतंत्र प्रार्थनासभा, असा हा विखुरलेला समाज आहे. एकेका पाळकाच्या वाट्याला अनेक गावं येतात, आणि त्या गावांतली निम्मी तरणी माणसं पुण्या-मुंबईला नाहीतर उसाच्या फडावर असतात. अशा समाजाला फोनची गरज इतरांपेक्षा जास्तच. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि डेटा गरिबाच्या खिशाला परवडू लागला. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं 16 नोव्हेंबरपर्यंत बंद राहिली. त्या आठ महिन्यांत नाइलाजानं वेदीपाशी ठेवलेला फोन पुढे तिथून हललाच नाही. आज रविवारची उपासना फेसबुकवर जाते, प्रार्थनेच्या विनंत्या व्हॉट्सॲपवर येतात, बाप्तिस्म्याची छायाचित्रं स्टेटसला लागतात. पाळकांनी, फादरांनी, बिशपांनी हे साधन कसं वापरावं, हा प्रश्न आता केवळ सोयीचा राहिलेला नाही. काहींच्या बाबतीत तो घरादाराच्या सुरक्षिततेचा झाला आहे.

या प्रश्नावर मराठी ख्रिस्ती समाजात दोन मतं ठामपणे ऐकू येतात, आणि ती एकमेकांशी क्वचितच बोलतात. म्हणून इथं ती दोन तोंडांत घातली आहेत. थोरले पाळक आणि धाकटे पाळक हे कुणी ठरावीक गृहस्थ नाहीत. त्यांचे आक्षेप मात्र खरे आहेत, आणि ते जितक्या ताकदीनं मांडता येतील तितके मांडण्याचा प्रयत्न केला आहे. उत्तरं देण्याची जबाबदारी माझी.

थोरले पाळक म्हणतील, "भाऊ, मंडळी या शब्दाचा अर्थच एका ठिकाणी जमलेली माणसं. प्रभुभोजनाची भाकर फोनमधून हातात पडत नाही. आजारी माणसाच्या कपाळावर हात ठेवावा लागतो, मयताच्या घरी रात्र काढावी लागते. कॅमेरा समोर आला की उपदेश करणाऱ्याची नजर लोकांवरून उडून त्या काचेवर जाते. किती जणांनी पाहिलं, किती जणांनी अंगठा दाखवला, हे तो मोजायला लागतो. मोजायला लागला की तसंच बोलायला लागतो. आमच्या पिढीनं सायकलीवर गावं केली. लोकांना आम्ही माहीत होतो आणि लोक आम्हाला. हे यंत्र पाळकाला प्रसिद्ध करील, पण ओळखीचा ठेवणार नाही."

या आक्षेपातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि या लेखाचा सगळा विचार त्यावरच उभा आहे. योहानाच्या शुभवर्तमानातला मेंढपाळ मेंढरांना नावानं हाक मारतो. पाळकपणाचं मूळ लोकांना ओळखण्यात आहे. तेव्हा कसोटी सरळ आहे: फोनमुळे पाळकाची माणसांशी असलेली ओळख वाढत असेल, तर तो वापरावा, त्या ओळखीची जागा प्रसिद्धी घेऊ लागली, तर तो खाली ठेवावा. पण या कसोटीवरून साधन टाकूनच द्यावं असं निघत नाही, कारण मराठी ख्रिस्ती परंपरेनं नवं साधन कधी टाकलेलं नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचली आणि 1616 मध्ये तिचं 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं, तेव्हा छपाई हे या देशात नवंच साधन होतं. 1842 मध्ये अहमदनगरहून मिशनऱ्यांचं 'ज्ञानोदय' हे पत्र सुरू झालं, तेव्हा मराठी नियतकालिकांचं वय दहा वर्षांचं होतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर उलट वाट धरली. कीर्तन हे जुनं साधन उचललं आणि मंडळीत आणलं. साधन जुनं की नवं, याला त्या लोकांनी महत्त्व दिलं नाही. त्यातून कुणाचा आवाज ऐकू येईल, हे त्यांनी पाहिलं.

इथं 'ज्ञानोदय'च्या इतिहासातल्या एका घटनेशी थांबणं भाग आहे, कारण आजच्या पाळकाला तिच्यापेक्षा चांगला धडा मला दुसरा दिसत नाही. 1855 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये या पत्रानं दोन अंकांत एक निबंध छापला. लिहिणारी मुक्ता साळवे, फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मांग मुलगी. विषय होता मांग-महारांचं दुःख. ती ख्रिस्ती नव्हती. आपला धर्म कोणता, हा प्रश्न ती थेट देवाला विचारत होती, आणि त्याचं उत्तर तिनं कुणाच्याही पदरात टाकलं नव्हतं. मिशनऱ्यांच्या पत्राला त्या निबंधाऐवजी आपलं प्रवचन छापता आलं असतं. त्यांनी जागा तिला दिली. आज पावणेदोनशे वर्षं होत आली, त्या अंकांतल्या प्रवचनांची आठवण कुणाला नाही. मुक्ताचा निबंध मात्र मराठीतल्या दलित स्त्रीच्या लेखनाची सुरुवात म्हणून शाळा-कॉलेजात वाचला जातो. धर्मपुढाऱ्याच्या हाती माध्यम आल्यावर त्याचा सर्वांत मोठा उपयोग काय, याचं उत्तर त्या दोन अंकांत आहे. ज्याला जागा नाही त्याला जागा द्यायची. मातंग समाज मोठ्या संख्येनं असलेल्या लातूर-नांदेडमधल्या पाळकांना ही गोष्ट दुसऱ्या कुणी समजावण्याची गरज नाही. मंडळीच्या पानावर दर आठवड्याला पाळकाचाच चेहरा दिसत असेल, तर ते पान 'ज्ञानोदय'च्या परंपरेतलं म्हणता येणार नाही. त्यावर अंगणवाडी सेविकेनं कुपोषणाबद्दल बोलावं, नर्सबाईंनी लसीबद्दल सांगावं, फडावरून परतलेल्या बाईनं तिथल्या कोप्यांबद्दल सांगावं, आणि पाळकानं ऐकणाऱ्यांत बसावं.

धाकटे पाळक इथं अडवतील. "दादा, तुम्ही जुन्या अंकांचं सांगताय, आमची पोरं रात्री अकरा वाजता हैदराबादच्या, पंजाबच्या मोठ्या उपदेशकांचे व्हिडिओ बघतात. तिथं लंगडा उठून चालतो, आंधळ्याला दिसतं, हजारोंचा जमाव असतो. आमच्या शेडमध्ये चाळीस माणसं. आम्ही अंगणवाडी सेविकेचं भाषण टाकलं तर कोण बघणार? चंगाई सभेची साक्ष टाकली की दोन दिवसांत दहा गावांत पोचते. लोकांना आशा हवी आहे, आणि आशा दाखवायला लाजायचं कशाला?"

आशा दाखवायला लाजू नये, हे खरंच. अडचण त्या साक्षीच्या व्हिडिओत आहे, आणि ती तीन पदरी आहे. पहिला पदर कायद्याचा. अंधश्रद्धाविरोधी कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून 20 ऑगस्ट 2013 रोजी झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं, आणि अशा चमत्कारांचा प्रचार-प्रसार करून लोकांना फसवणं किंवा त्यांच्यावर दहशत बसवणं, हा त्या कायद्यानं गुन्हा ठरवला आहे. त्याहून जुना 1954 चा औषधे व जादूई उपचार कायदा आहे. मधुमेह, कर्करोग, अपस्मार अशा आजारांवर जादूच्या उपायाची जाहिरात त्यानं रोखली आहे. मनापासून केलेली प्रार्थना आणि जाहिरात यांत फरक आहे, हे मान्य. पण व्हिडिओला मथळा, फोन नंबर आणि क्यूआर कोड जोडला की तो फरक पुसट होत जातो. दुसरा पदर रोग्याचा. फिट येणाऱ्या मुलाची आई असा व्हिडिओ पाहून गोळ्या बंद करते, क्षयाचा रोगी दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून डॉट्सची औषधं सोडतो, आणि हे घडतं तेव्हा व्हिडिओ टाकणारा पाळक त्या घरापासून दोनशे किलोमीटरवर असतो. त्याला कळतसुद्धा नाही. समोर बसलेल्या माणसासाठी केलेल्या प्रार्थनेनंतर "गोळ्या चालू ठेव, बाळा" असं म्हणता येतं; फिरत राहिलेल्या व्हिडिओला ते म्हणता येत नाही. तिसरा पदर परंपरेचा, आणि मला तो सगळ्यात जास्त बोचतो. या राज्यात ख्रिस्ती सेवेची ओळख दवाखान्यांनी घडवली. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं, आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या माणसांना शस्त्रक्रियेनं डोळे, पाय, आयुष्य परत मिळालं. ज्या परंपरेनं प्रार्थना आणि औषध एकाच खाटेपाशी ठेवलं, तिच्या वारसांनी फोनच्या पडद्यावर त्यांची फारकत करावी, हे मला पटत नाही.

आणि ते चाळीस माणसांचं शेड. धाकट्या पाळकांना ती उणीव वाटते. माझ्या मते ती त्यांची खरी मिळकत आहे. हैदराबादच्या उपदेशकाला लाखो लोक पाहतात, पण त्यातल्या एकाचीही मुलगी बारावीला कितव्या बाकावर बसते हे त्याला ठाऊक नसतं. लातूर हे शिकवणीचं गाव आहे. नीटच्या तयारीला मराठवाडाभरातून आणि बाहेरूनही मुलं इथं येतात, भाड्याच्या खोलीत दोन वर्षं काढतात, चाचणीत मार्क घसरले की घरी फोन करायचं टाळतात. अशा मुलाच्या फोनवर रात्री चाळीस मिनिटांचं प्रवचन येऊन काय उपयोग? "जेवलास का? रविवारी घरी ये," एवढा एक निरोप त्याला नावानं आला तर तो उत्तर देईल. त्याच्या स्टेटसवर निराशेचं काही दिसलं तर पाळकानं त्याच रात्री खोलीचं दार वाजवावं, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक सांगावा. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा मराठीतही बोलते. इथं फोननं पाळकाला दारापर्यंत पोचवलं. पुढचं काम पाळकाचं.

थोरले पाळक एवढ्यानं निवांत होणार नाहीत. "हे ठीक," ते म्हणतील, "पण तुम्ही दोघंही एक धोका विसरताय. आमच्या सभेला येणारी बाई कधी श्रद्धेनं येते, कधी शेजारणीच्या सोबतीला. तिचा फोटो निघतो आणि खाली लिहिलं जातं, प्रभूनं आणखी एक कुटुंब दिलं. गावात तो फोटो कुणाच्या हाती पडतो, पुढे काय होतं, हे आम्ही पाहत आलोय. हिला बाप्तिस्मा घ्यायचा आहे की नाही हे तिनं अजून स्वतःलाही सांगितलेलं नाही."

हा आक्षेप इतका बरोबर आहे की त्याला उत्तर नाही, फक्त पुस्ती आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलिताला तो आजही मिळत नाही. हा नियम बदलावा अशी मागणी चर्च अनेक वर्षं करत आहे आणि ती न्याय्य आहे. पण नियम आहे तोवर, सभेत नुसत्या बसलेल्या बाईचा मथळ्यासकट टाकलेला फोटो उद्या तिच्या मुलाच्या जात पडताळणीत कुणी पुढे करू शकतो. त्या मुलाची वैद्यकीयची जागा, तिची घरकुलाची फाइल, गावातलं तिचं बसणं-उठणं, हे सगळं एका अंगठ्याच्या दाबानं पणाला लावायचा अधिकार पाळकाला कुणी दिला? आपण काय मानतो हे जगाला सांगणं हा ज्याचा त्याचा हक्क. तो पाळकानं उत्साहात परस्पर वापरणं म्हणजे तिच्या तोंडचा शब्द काढून घेणं. टिळकांनी 1917 मध्ये 'देवाचा दरबार' काढला तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही त्यात बसावेत अशी त्यांची इच्छा होती. त्या दरबारात कुणी कुणाची यादी लावणार नव्हतं.

प्रार्थनेच्या विनंत्यांनाही हेच लागू आहे, आणि इथं चूक प्रेमापोटी होते म्हणून ती दिसत नाही. अमुक ताईंना गर्भाशयाचा कर्करोग, तमुक भावाची एचआयव्ही तपासणी, फलाण्याची सून माहेरी गेली, प्रार्थनेत आठवण ठेवा: असे निरोप दोनशे जणांच्या गटात पडतात. चर्चमध्ये हळू आवाजात सांगितलेलं दुःख चार भिंतींत विरतं. गटात टाकलेलं दुःख कायमचं साठतं आणि पुढे पाठवता येतं. एचआयव्हीबाबत तर 2017 च्या कायद्यानं संमतीशिवाय ओळख उघड करायला मनाईच केली आहे. वसतिगृहातल्या मुलांचे फोटो देणगीदारांना दाखवण्याची सवयही अशीच. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करू नये, असं 2015 चा बाल न्याय कायदा सांगतो. कॅथलिक गुरू कबुलीजबाबाचं गुपित जिवापलीकडे जपतो. व्हॉट्सॲपच्या गटात टाकलेल्या दुःखालाही त्या गुपिताची थोडीतरी सावली मिळायला हवी. गटात फक्त "आपल्यातल्या एका आजारी बहिणीसाठी प्रार्थना करा" असं यावं. नाव पाळकाला माहीत असलं की पुरे, देवाला तर ते आधीच माहीत आहे.

"मग उरलं काय?" धाकटे पाळक विचारतील. "चमत्कार नको, फोटो नको, विनंत्या नकोत. तुमच्या हिशोबानं तर फोन बंद करून ठेवावा आणि गप्प बसावं."

गप्प बसण्याची वेळ नाही, कारण गप्प बसलेल्या जागेत अफवा शिरते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच भिक्षेकरी जमावानं ठेचून मारले. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे निरोप त्याआधी कित्येक दिवस फोनवर येत होते. त्यानंतर व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी पाठवायला बंदी घातली. 16 एप्रिल 2020 रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेतून मारले गेले, आणि मग त्या हत्येलाही धर्माचा रंग देणारे मजकूर फिरू लागले. दोन्ही ठिकाणी मेलेल्यांत देवाच्या नावानं फिरणारे लोक होते, हे कुठल्याही धर्मपुढाऱ्यानं विसरू नये. अशा वेळी ज्याच्यावर गाव विश्वास ठेवतं अशा माणसानं रात्री दहा वाजता आपल्या आवाजात पाठवलेले तीस सेकंद ("मी पोलीस ठाण्यात विचारलं, असं काही घडलेलं नाही, कुणाला हात लावू नका") एखाद्याचा जीव वाचवू शकतात. पण तो विश्वास त्या रात्री तयार होत नाही. आधीची पाच वर्षं पाळकानं न तपासलेलं काही पुढे पाठवलेलं नसेल, तरच त्याच्या त्या तीस सेकंदांना वजन येतं. एकदा जरी त्यानं "अमेरिकेत शास्त्रज्ञांनी नोहाचं तारू शोधलं" असला निरोप ढकलला, तर लोक त्याचा खरा निरोपही त्याच ढिगात टाकतील. आज यंत्र माणसाचा चेहरा आणि आवाज बनवतं. 2023 च्या मार्चमध्ये पांढऱ्या फुगीर जाकिटातल्या पोप फ्रान्सिस यांचं यंत्रानं बनवलेलं चित्र जगभर खरं समजलं गेलं. उद्या पाळकाच्या आवाजात "ताबडतोब पाच हजार पाठवा" असा निरोप येईल. ज्याचा आवाज लोक रोज प्रत्यक्ष ऐकतात, त्याच्या नकलेबद्दल त्यांना शंका तरी येते.

पैशाबद्दल फार लिहायची गरज नाही. क्यूआर कोड विश्वस्त संस्थेच्या खात्याचा असावा, पाळकाच्या खासगी खात्याचा कधीही नसावा. जमा-खर्च दर महिन्याला त्याच गटात यावा. परदेशी नागरिकाकडून येणारी मदत परकीय योगदान कायद्याच्या नोंदणीशिवाय घेऊ नये. आणि बनावट खात्यानं कुणाला फसवलं तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

थोरल्या पाळकांच्या मनात एक शेवटची भीती उरते, आणि ती रास्त आहे. "आम्ही बोललो की शिव्या येतात. तांदळाच्या पोत्यासाठी धर्म विकला म्हणतात. त्याला उत्तर द्यावं तर भांडण, न द्यावं तर मान्य केल्यासारखं."

यावर दोन गोष्टी उपयोगी पडतात. 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वाद झाले आणि नंतर त्यांची हकीकत छापूनही आली. वाद कडक होता, पण दोघं एकमेकांच्या समोर उभे होते. दोघांनाही दुसऱ्याचं वाक्य पुरं ऐकावं लागत होतं, आणि भोवतालची माणसं दोन्ही बाजू एकाच संध्याकाळी ऐकून घरी जात होती. पडद्याआड बसून शिवी देणाऱ्याशी असा वाद करता येत नाही, म्हणून तिथं उत्तराचा आग्रह धरू नये. ज्यानं नाव सांगून प्रश्न विचारला त्याला मात्र चहाला बोलवावं आणि उत्तर समोर द्यावं. दुसरी गोष्ट अलीकडची आणि आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून समाजमाध्यमांवर विरोध उठला. 10 जानेवारी 2020 रोजी उस्मानाबादेत संमेलन सुरू झालं आणि ते तिथं येऊन मराठीत बोलले. त्या विरोधाला त्यांचं खरं उत्तर मात्र त्या दिवसाच्या कितीतरी आधी तयार होतं: 'सुवार्ता' मासिकाच्या संपादकपदावरची वर्षं, ज्यांत इतर धर्मांतल्या लेखकांनाही घरचं पान मिळालं, हरित वसईच्या आंदोलनात पाण्यासाठी आणि झाडांसाठी सगळ्या धर्मांच्या शेतकऱ्यांबरोबर काढलेले दिवस, आणि 'सुबोध बायबल'चं मराठी. ज्यांना ते ठाऊक होते त्यांना दुसऱ्या पुराव्याची गरज पडली नाही. मराठवाड्यातही असा साठा आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर, 30 सप्टेंबर 1993 च्या त्या पहाटेनंतर, ढिगारे उपसायला आणि घरं बांधायला आलेल्यांत ख्रिस्ती मदत संस्थाही होत्या, आणि त्यांनी कुणाचा धर्म विचारला नव्हता. शिवीला उत्तर म्हणून ते दिवस पुढे करायचे नाहीत. पुन्हा दुष्काळ पडेल, तेव्हा टँकर कुठल्या गल्लीत किती वाजता येईल, हे मंडळीच्या गटावरून सगळ्या गल्लीला कळलं, तर तीच परंपरा पुढे चालेल.

2023 च्या मे महिन्यात व्हॅटिकननं समाजमाध्यमांवर जे चिंतन प्रसिद्ध केलं, त्याचा सांगाडा चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर उभा आहे. वाटेवर पडलेल्या माणसाजवळून याजक निघून गेला होता, आणि तो वाईट होता म्हणून गेला असं दाखला म्हणत नाही. त्याला कुठंतरी पोचायचं होतं. फोनच्या वाटेवर प्रत्येकालाच पुढच्या निरोपाकडे पोचायचं असतं. थांबण्याची सवय लावून घेणं हे पाळकासाठी त्या वाटेवरचं सर्वांत अवघड काम आहे, आणि थोरल्या पाळकांच्या पिढीला ते काम येतं. धाकट्यांच्या हातात फोन आहे. थांबण्याची रीत थोरल्यांकडे आहे. म्हणून मला दोघांना वेगळं बसवायचं नाही.

नाताळचंच पाहा. मराठवाड्यातल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेऊन निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर असतात. 25 डिसेंबर नेमका हंगामाच्या मधोमध येतो. चर्चमध्ये तारा लागतात, गाणी होतात, फेसबुकवर थेट प्रसारण जातं, आणि नवरा-बायकोचा एक कोयता पहाटे चारला उसात उभा असतो. त्यांना ते प्रसारण बघायला ना उजेड असतो ना फोनला चार्जिंग.

"त्यांना काय पाठवावं म्हणता?" थोरले पाळक विचारतील.

"तुमचा आवाज," मी म्हणेन. "अर्ध्या मिनिटाचा, एकेका घराला वेगळा. पोरांची नावं घेऊन. म्हातारीची तब्येत कशी आहे ते सांगून. तुम्ही तिच्याकडे जाऊन आलात, हे सांगून."

धाकटे पाळक फोन काढून बसतील. "मी रेकॉर्ड करतो, साहेब. नंबर सगळे माझ्याकडे आहेत. पण कोण कुठल्या कारखान्यावर आहे, कुणाचं लेकरू कितवीत आहे, ते तुम्हीच सांगा. मला अजून सगळी घरं माहीत नाहीत."

"घ्या मग लिहून," थोरले पाळक म्हणतील. "पहिलं घर वेशीजवळचं."